मंडणगडची रोजची वाट

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदीं उत्तर टोंकास मंडणगड तालुका आहे. सावित्री नदी व तिची बाणकोटची खाडी ही त्याची सीमा. पलीकडे रायगड जिल्हा. मुख्य गांव डोंगरावर, बंदरें खाडीकांठीं, आणि दोहोंमध्यें वळणावळणांचा उतार. म्हाप्रळकडे जा, वेसवीकडे जा, कीं दापोलीची वाट धरा, सरळ रस्ता म्हणून फार थोडा. त्यांत वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच कोसळावयाचा.

आषाढांत आम्ही या बाजूस चार दिवस हिंडलों. डोंगर हिरवेगार झाले होते, कड्यांवरून पाणी धांवत होतें. परंतु हें वैभव स्वस्थ चित्तानें पाहावें अशी सोय वाहनचालकांनीं ठेविली नव्हती. दाट धुक्यांत दिवे न लावतां कोणी समोरून येई. आंधळ्या वळणावर भोंगा न वाजवितां कोणी पुढें घुसे. कोणी उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडी. एकास हटकलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "रोजचीच वाट आहे, साहेब!"

आमच्या मतें सर्व अनर्थाचें मूळ या उत्तरांत आहे. वाट रोजची खरी. पण पावसाळ्यांत ती रोज नवी असते. काल कोरडें असलेलें वळण आज लाल चिखलानें निसरडें होतें. रात्रींतून दरड उतरते. गुरें कोरडी जागा शोधीत डांबरावर येऊन बसतात. ताशीं 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते, आणि वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर चौपट होतें. ओल्या रस्त्यावर तें आणखीच वाढतें. वाटेची ओळख कितीही जुनी असली तरी हें गणित बदलत नाहीं.

अरुंद घाटांत उतरणाऱ्यानें बाजूस थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असा कायद्याचा नियम आहे. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हां हलविणें कठीण, आणि ती मागें घसरण्याचें भय मोठें. असें असतां येथें उतरणाराच हक्कानें पुढें येतो, व चढणारा बिचारा दरीच्या बाजूस अंग चोरतो.

न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, सर्वच चालक असे नव्हेत. एके ठिकाणीं मोरीवरून पाणी वाहत असतां एस.टी.च्या चालकानें गाडी थांबविली, आणि पाणी ओसरेपर्यंत तो शांतपणें बसून राहिला. कुरकुर केली ती उतारूंनीं. आणि त्यांत चांगले शिकलेसवरलेले लोक होते! दुसऱ्या चालकास कदाचित् हीच कुरकुर पाण्यांत घालती.

शेजारच्या दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील मंडळींची सहलीची बस 28 जुलै 2018 रोजीं आंबेनळी घाटांत दरींत कोसळली. तीस जण गेले, एकच वांचला. कारण कांहींही असो, घाट चुकीला क्षमा करीत नाहीं, एवढें या बाजूच्या घरांना कोणी सांगावयास नको.

आतां भाद्रपदांत गणपतीसाठीं मुंबई-पुण्याहून घरोघरचीं मुलें स्वतःच्या गाड्या घेऊन याच घाटांतून येतील. "कोठवर आलांत?" असें घटकेघटकेस दूरध्वनीवरून विचारण्याऐवजीं, "सावकाश या, आरती थांबवितों," असा निरोप वडील माणसांनीं आधींच धाडावा. चालकाची घाई पुष्कळदां घरांतूनच निघते. ती घरांतच आवरतां येईल.