राजपुत्राला ‘नाही’ म्हणणारी सिंड्रेला

कुमारवयीन मुलामुलींसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांचं संपादन हे माझं काम. जादू आणि कोवळं प्रेम एकत्र आलेलं हस्तलिखित हाती आलं की मी सर्वांत आधी जादूचा नियम शोधते. जादूनेच अडचण आली आणि जादूनेच ती सुटली, तर वाचणाऱ्या पोरीचा जीव टांगणीला लागणार कसा? पहिलं पुस्तक लिहायला बसलेल्यांशी हे बोलताना मी हमखास गेल कार्सन लेव्हिन यांचं नाव काढते. आपल्याकडे त्यांची फारशी ओळख नाही, आणि ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

लेव्हिन यांचा जन्म १९४७चा, न्यूयॉर्कचा. बरीच वर्षं त्यांनी सरकारी नोकरी केली. गरजूंना काम मिळवून देण्याचं खातं. चित्रकलेची आवड होती म्हणून मुलांच्या पुस्तकांच्या वर्गाला गेल्या आणि लिहिण्यातच रमल्या. त्यानंतर जवळपास नऊ वर्षं प्रकाशकांकडून साभार परत. ‘एला एन्चान्टेड’ ही पहिली कादंबरी १९९७ साली आली तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतल्या बालसाहित्याचा ‘न्यूबेरी ऑनर’ हा सन्मान मिळाला. तरुणांसाठी लिहायला लेखकही तरुणच हवा, हा समज या एका पुस्तकाने माझ्यापुरता तरी कायमचा निकालात काढला.

कादंबरीची सुरुवात एका साध्या शंकेतून झाली. सिंड्रेलाची गोष्ट लिहायला घेतली, पण ती इतकी गुणी की लेव्हिन यांना तिच्याबद्दल काही लिहिताच येईना. सावत्र आई सांगेल ते ही मुलगी निमूट का करते? उत्तर म्हणून त्यांनी तिला शाप दिला. एलाच्या जन्माच्या वेळी ल्युसिंडा नावाची परी येते आणि आज्ञाधारकपणाचं वरदान देऊन जाते. कुणीही हुकूम सोडावा, एलाने तो पाळलाच पाहिजे. टाळाटाळ केली तर गरगरतं, अंग दुखायला लागतं, आणि शेवटी ते करावंच लागतं.

पाचव्या वाढदिवसाचा प्रसंग बघा. घरची स्वयंपाकीण मँडी मोठ्या लाडाने केक पुढे करते आणि म्हणते, खा. पहिला तुकडा एला आवडीने खाते. पोट भरतं, तरी हात थांबत नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पोर खातेच आहे. आई ‘थांब’ म्हणते तेव्हा कुठे सुटका होते. शापाचा अख्खा नियम एका केकमध्ये समजावून झाला, स्पष्टीकरणाचा परिच्छेद लागला नाही.

आणि तरीही पुस्तक रडकं नाही. एला मुळातच खोडकर. बदाम आण म्हटलं की दोनच आणून ठेवते. भांडं धर म्हटलं की भांडं धरते, पण पाय स्वयंपाकघरभर फिरवते. बिचाऱ्या मँडीला मागे मागे फिरावं लागतं. हुकूम पाळायचा, पण आपल्या पद्धतीने. ‘मुलीच्या जातीने असं करू नये’ ऐकत वाढलेल्या कुठल्याही मुलीला ही युक्ती शिकवावी लागत नाही. पहिल्या पुस्तकात असा हलका हात दुर्मीळच. नवे लेखक विनोद वरून भुरभुरतात. इथे तो नायिकेचं हत्यार आहे.

प्रेमही त्याच मार्गाने येतं. राजपुत्र शारमाँट, म्हणजे शार, एलाला आवडतो तो तिच्या गमतींवर मनमोकळं हसतो म्हणून. तिच्या वडिलांच्या दुसऱ्या लग्नात ही दोघं पाहुण्यांना चुकवून जुन्या वाड्याच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरगुंडी खेळतात. पुढे तो परदेशी जातो आणि पत्रं सुरू होतात. तेरा-चौदाच्या वयात प्रेम नेमकं असंच असतं: एकत्र हसणं आणि उत्तराची वाट पाहणं. मराठीत या वयासाठी साहसकथा आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. हे गोड, हसरं प्रेम मात्र आपण मोठ्यांच्या कपाटात ठेवून दिलं आहे. अशी हस्तलिखितं मला हवी आहेत.

२००४चा चित्रपट पाहिलेल्यांनी पुस्तकही जरूर वाचावं. तिथे राजपुत्राचा दुष्ट काका घातला आहे आणि तो एलाला शारचा खून करायला सांगतो. पुस्तकातला पेच याहून कितीतरी अवघड. शार प्रेमाने म्हणतो, माझ्याशी लग्न कर. एलाच्या मनातलंही तेच. पण तोही हुकूमच, आणि शापासकट ती राणी झाली तर कुणीही तिच्याकरवी शारचा आणि राज्याचा घात करू शकेल. आतल्या आत झुंजून ती ‘नाही’ म्हणते. कुठलीही परी मदतीला येत नाही, आणि शाप तिथेच तुटतो. मग शारला लग्नाची मागणी तीच घालते. लग्नानंतर राजकन्येचा किताब मात्र ती नाकारते. तिला भाषांची जात्याच आवड. म्हणून दोन पदं ती आनंदाने घेते: दरबारी भाषातज्ज्ञ आणि स्वयंपाकघरातली मदतनीस.