गुच्छी

वडिलांच्या नोकरीमुळे माझं लहानपण कुल्लूच्या खोऱ्यात गेलं. घरमालकांच्या चुलीवर गुच्छ्यांच्या, म्हणजे रानातल्या अळंब्यांच्या, दोऱ्यात ओवलेल्या काळपट माळा टांगलेल्या असत. आई त्यातल्या चार गुच्छ्या भिजवून पुलावात घालायची आणि आम्ही भावंडं भात बाजूला सारून आधी त्याच वेचायचो.

ती उगवते कशी, हे पाहिलं कॉलेजात असताना. एप्रिल होता, बर्फ नुकतंच वितळलं होतं. घरमालकांच्या अम्मांबरोबर देवदारांखाली हिंडत होते, पण मला काही दिसेना. पाचोळा तपकिरी, गुच्छीही तपकिरी! अम्मा म्हणाल्या, "लांब नको बघू, बेटा. पायापाशी बघ." मग एक दिसली आणि तिच्या आसपास आणखी दिसायला लागल्या. टोपीवर मधाच्या पोळ्यासारखी घरं, कडा जराशा काळसर. अम्मांनी ती सुरीने उभी चिरली. शेंड्यापासून देठाच्या बुडापर्यंत आत एकच सलग पोकळी, भिंत जेमतेम बोटाच्या नखाएवढी जाड. वरून कितीही ओळखीची वाटली तरी अम्मा प्रत्येक गुच्छी अशी उघडून बघायच्या.

त्याचं कारण पुढे वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्यावर नीट कळलं. जायरोमित्रा नावाची अळंबी ओझरती पाहिली तर गुच्छीच वाटते. पण तिच्या टोपीवर घरं नसतात, वेड्यावाकड्या वळ्या असतात, आणि चिरली की आत कप्पे दिसतात. तिच्यातल्या विषापासून पोटात जे रसायन तयार होतं, ते रॉकेटच्या इंधनातही वापरतात. खरी गुच्छीसुद्धा कच्ची खायची नसतेच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात कच्च्या, अर्धकच्च्या गुच्छ्या खाल्लेले पन्नासावर लोक आजारी पडले, दोघं दगावले. अम्मा मात्र सुकवलेल्या गुच्छ्यासुद्धा भिजवून, धुऊन, तुपात चांगल्या परतल्याशिवाय ताटात येऊ देत नसत.

सोलनच्या मशरूम संशोधन संचालनालयाने २०२१ मध्ये गुच्छीच्या लागवडीत यश मिळाल्याचं जाहीर केलं. जंगलावरचा ताण हलका होईल, याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती पहाटे टोपली घेऊन चढणाऱ्या बायकांची. किलोला हजारो रुपये देणारी ही एवढीच वस्तू त्यांच्या वाट्याला वसंतात येते. लागवडीचं बियाणं आणि शिक्षण आधी त्यांच्या गावांत पोचलं पाहिजे.