निळा अगापँथस : दहा गुंठे की दहा कुंड्या?



कपाशी-तुरीच्या नोंदी बाजूला ठेवून आज एका फुलझाडावर लिहितो आहे, त्याला कारण आहे. माझ्या पुतण्याची अंजनगाव सुर्जीकडे पानपिंपळी आहे. त्याला एका माणसानं दहा गुंठ्यांत ठेंगणा निळा अगापँथस लावायला सांगितलं. सहा हजार रोपं, चाळीस रुपये नग, म्हणजे 2 लाख 40 हजार रुपये. निम्मे आधी द्यायचे. फुलांचे दांडे आम्हीच उचलू, हेही सांगितलं. पुतण्या म्हणे, "काका, पानपिंपळीचा एक तुकडा मोडून हे लावून पाहू काय?"

हा प्रश्न उद्या तुमच्याही दारात येऊ शकते. माझ्याकडं चार वर्षांपासून या झाडाच्या बारा कुंड्या आहेत. त्यात जे पाह्यलं तेवढंच सांगतो.

आधी झाड ओळखून घ्या. अगापँथस मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. नर्सरीवाले 'आफ्रिकन लिली' म्हणतात, पण हे लिलीच्या कुळातलं नाही. कांदा-लसूण ज्या कुळात येतात त्याच ॲमॅरिलिडेसी कुळातलं आहे. माझ्या मायनं पहिल्यांदा फूल पाह्यलं तेव्हा म्हणे, "हा त बियाण्याच्या कांद्याचा गोंडा दिसते बापा, निळा रंगोला!" तिची ओळख बरोबर होती. फक्त खाली कांदा नसतो. आल्यासारखा आडवा कंद आणि जाड, रसाळ मुळं असतात. मुळांत पाणी साठवलेलं असते, त्यामुळं थोडी ओढ सहन होते, पण मुळाशी पाणी साचलं की कंद सडते. चिकात त्वचेला खाज आणणारा अंश असते. तोडताना हात जपा आणि शेळ्या-वासरांपासून दूर ठेवा.

आता जात. उंच जातीचा दांडा तीन-चार फूट जाते. 'पीटर पॅन'सारख्या ठेंगण्या जातीची पानं फूटभर आणि दांडा साधारण दीड फुटाचा. ठेंगणी जात काढलीच मुळी कुंडीसाठी आणि वाफ्याच्या कडेसाठी. फुलबाजारात दांड्याच्या लांबीला भाव असते. मग ठेंगण्या झाडाचे दांडे उचलायची हमी कोण कशाच्या भरवशावर देते? पुतण्याच्या गोष्टीत मला पहिली खोट इथंच दिसली.

माझ्या बारा कुंड्या तीन जागी आहेत. पाच माझ्या अंगणात, चार बहिणीकडं दर्यापूर तालुक्यात आणि तीन पुतण्याच्या पानपिंपळीत शेवरीच्या सावलीला. एकाच गड्ड्याचे तुकडे आहेत, म्हणून तुलना करता येते.

अंगणातल्या पाचपैकी दोन पश्चिमेच्या भिंतीशी होत्या. रोपाच्या चिठ्ठीवर 'भरपूर ऊन' असं छापलेलं असते. ते ऊन थंड देशातलं. आपल्याकडं 2024 च्या मे महिन्यात उन्हापायी अकोला जिल्ह्यात कलम 144 लावावं लागलं होतं, हे ती चिठ्ठी छापणाऱ्याला कुठून माहीत? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या दोन कुंड्यांची पानं मधोमध पांढरट पडली आणि चट्टे वाळले. पूर्वेच्या ओट्यावरच्या तिघींना सकाळी साडेदहापर्यंतच ऊन लागते. त्या हिरव्या राहिल्या आणि दरवर्षी मार्चात फुलतात.

दर्यापूरच्या चार कुंड्यांचं दुखणं वेगळं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. बहिणीकडं बोअरचं पाणी. तिथं पानं मधातून नाही, शेंड्याकडून आणि कडांनी तपकिरी होत गेली. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला. उन्हाची करप आणि क्षाराची करप यांच्यातला हा फरक ध्यानात ठेवा, कारण उपाय उलटे आहेत. उन्हाच्या करपीला सावली पाहिजे. क्षाराच्या करपीला सावलीत नेऊन त्याच पाण्याचा हात वाढवला तर क्षार आणखी वाढतात. बहिणीनं पावसाळ्यात पत्र्याचं पाणी टाकीत धरलं, कुंड्या त्या पाण्यानं दोन-तीनदा खालून निघेपर्यंत धुतल्या, तेव्हा नवी पानं स्वच्छ आली. दांडे मात्र चारांत मिळून दोनच. पाण्याचा ईसी तपासून घ्या. 0.75 च्या आत असेल तर निर्धास्त, 2.25 च्या वर असेल तर कुंडीत वापरूच नका. कुंडीत क्षाराला खाली जायला जागाच नसते.

सगळ्यात चांगल्या निघाल्या त्या पानपिंपळीतल्या तीन. सातपुड्याच्या पायथ्याचं गोडं पाणी, शेवरी-पांगाऱ्याची हलती सावली, बुडात गारवा. आपल्या लोकांनी पानपिंपळी आणि पानमळ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जो सावलीचा मांडव जपला, तोच या परदेशी झाडाला मानवला. आणि पुतण्या तोच मोडायला निघाला होता.

कुंडीची रीत अशी. आठ-दहा इंचाची कुंडी, बुडात खापऱ्या. भारी काळी माती एकटी वापरू नका. पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते आणि मुळं तोडते. दोन घमेले पोयट्याची माती, एक घमेलं जाड रेती किंवा बारीक मुरूम, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. कंद वरच्या वर, जेमतेम झाकेल एवढाच. कुंडी दाटली तरी घाबरू नका, जरा दाटीतच हे झाड बरं फुलते. चार-पाच वर्षांनी, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात गड्डा काढून सुरीनं वाटून लावा. बियापासूनही येते, पण फूल यायला दोन-तीन वर्षं जातात आणि रोप आईसारखं निघेलच असं नाही.

पावसाळ्यात कुंडी विटांवर, वळचणीखाली ठेवा. झडीत बाहेर राहिली की बूड सडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाण्याची ओढ देऊ नका, कारण तेव्हाची ओढ पुढच्या फुलावर निघते. डिसेंबर-जानेवारीचा गारवा आणि पूर्ण ऊन या झाडाला मानवते, तेव्हा पाणी कमी. फेब्रुवारीत पालाशयुक्त खत थोडं. युरिया नको, नुसता पालाच माजतो. एप्रिल ते जून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट.

वाफ्याच्या कडेला लावायची हौस असेल तर संत्र्याचा डिंक्या आठवा. भारी जमिनीत बुडाशी पाणी थांबलं की संत्र्याचं जे होते, तेच याचं. मुरूम-रेती मिसळून फूटभर उंच गादीवाफा करा, तोही पूर्वेकडं. चिखलदऱ्यासारख्या साधारण अकराशे मीटर उंचीवर, जिथं कॉफी येते, तिथं जमिनीत लावून पाहायला हरकत नाही. खाली मैदानात ज्याला उघड्यावर निळंच फूल पाहिजे, त्यानं गोकर्ण लावावा. काळ्या मातीत बिनघोर येते. गंमत पाहा, न्यूझीलंडमध्ये हाच अगापँथस तण म्हणून उपटतात, आणि इथं त्याला भर दुपारी सावली धरावी लागते. झाड वाईट नसते, जागा पाहावी लागते.

परत दहा गुंठ्यांकडं येतो. पहिलं वर्ष जम बसण्यात जाते, म्हणजे पैसा दीड-दोन वर्षं मातीत. वर तेवढ्या जागेला शेडनेट, गोड्या पाण्याची सोय, आणि माल घेणारा एकच. मी पुतण्याला एवढंच सांगितलं, त्या माणसाला दर आणि दांड्याची लांबी कागदावर लिहून माग. त्यानं मागितली. त्यानंतर त्या माणसाचा फोन आला नाही. सफेद मुसळीच्या वेळचे जे शेतकरी आहेत, त्यांना यापुढं काही सांगायची गरज नाही.

पण पोरानं झाड सोडलं नाही. पानपिंपळी जशीच्या तशी ठेवली आणि शेवरीखाली चाळीस कुंड्या मांडल्या. फुलावर आल्या की अमरावती-अकोल्याच्या ओटेवाल्या घरांना विकणार. वरूडकडं, शेंदुरजना घाटला संत्र्याच्या रोपवाटिका करणारे आपले लोक आहेत. सावली, पाणी आणि रोपाची निगा त्यांच्या हातात मुरलेली आहे. त्यांनी वीस-पंचवीस कुंड्यांचा जोडधंदा करून पाहायला हरकत नाही.

फक्त विकताना गिऱ्हाईकाला दोन गोष्टी तोंडानं सांगा: दुपारचं ऊन नको, खारं पाणी नको. पुतण्यानं हेच मराठीत लिहून प्रत्येक कुंडीला चिठ्ठी बांधायचं ठरवलं आहे. मार्चात किती दांडे आले आणि किती कुंड्या गेल्या, ते आकड्यासह इथंच लिहीन. चाळीसच्या चाळीस उरल्या, तरी पानपिंपळी शाबूत आहे.