दोन नायक, एक शहर

न्यूयॉर्कला गेलेला आपल्याकडचा माणूस स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहतो, टाइम्स स्क्वेअरला फोटो काढतो आणि लेकीच्या किंवा मुलाच्या घरी परततो. मुलीकडे क्वीन्समध्ये राहायला गेलो तेव्हा मीही हे सगळे केले. पण एक दिवस मात्र एका जुन्या कॉमिकसाठी राखून ठेवला होता. १९७६ साली अमेरिकेत निघालेला 'सुपरमॅन विरुद्ध स्पायडरमॅन' हा तो अंक.

आजच्या मुलांना त्यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा ते घडणे कठीण होते. सुपरमॅन डीसीचा, स्पायडरमॅन मार्व्हलचा. दोन्ही कंपन्या न्यूयॉर्कच्या आणि एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. त्यांचे हे दोन महानायक एका गोष्टीत प्रथमच आले ते या अंकात. जेरी कॉनवेने कथा लिहिली, रॉस अँड्रूने चित्रे काढली, डिक जिओर्डानोने त्यांवर शाई फिरवली. आकार नेहमीच्या कॉमिकपेक्षा कितीतरी ऐसपैस आणि किंमत २ डॉलर.

हा अंक बेळगावात आमच्या गल्लीत आला तो बोटीवर नोकरी करणाऱ्या एका गोवेकरामुळे. शेजारच्या कानडी घराशी त्याचा घरोबा होता. त्या घरातला मुलगा माझ्याच वयाचा. इंग्रजी दोघांनाही बेताचेच. तो चित्रे पाहून कानडीत गोष्ट सांगायचा, मी मराठीत. तो सुपरमॅनचा, मी स्पायडरमॅनचा. भाषेच्या वादाने गाव तापले की मोठी माणसे आपापल्या दारात गप्प बसत. त्या दिवसांत हा अंक परसातल्या भिंतीवरून इकडून तिकडे जायचा. आठवडा त्याचा, आठवडा माझा. हिशोब चोख असे.

मुखपृष्ठावर एम्पायर स्टेट इमारतीचा मनोरा आणि त्याच्या वर एकमेकांवर झेपावणारे हे दोघे, असे चित्र आहे. म्हणून सुरुवात तिथूनच केली. १९३१ साली उघडलेली ही १०२ मजल्यांची इमारत. ८६व्या मजल्यावरच्या सज्जात वारा असा घोंघावतो की टोपी हातात धरावी लागते. खाली रस्ते आखीव चौकटींत पसरलेले. कॉमिकच्या पानाचीच आठवण झाली. दोन उंच इमारतींमधल्या या दऱ्या पाहिल्या की जाळ्याच्या दोरीवर झोके घेणारा नायक याच शहरात का सुचला, ते सांगावे लागत नाही. आमच्या गल्लीत तो दोन उड्यांत जमिनीवर आला असता!

सुपरमॅनचे मेट्रोपोलिस मात्र नकाशावर नाही. त्याची खूण शोधायची तर चालत बेचाळिसाव्या रस्त्यावर जावे. तिथल्या जुन्या डेली न्यूज इमारतीत एक अवाढव्य पृथ्वीगोल आहे. १९७८च्या 'सुपरमॅन' चित्रपटात हीच इमारत क्लार्क केंटच्या वर्तमानपत्राची कचेरी म्हणून दाखवली होती. एका नायकाचे शहर खरे, दुसऱ्याचे कल्पनेतले. अंकात मात्र दोन्ही शहरे शेजारशेजारची असल्यासारखी नांदतात आणि वाचताना कुठेही खटकत नाही.

दुपारी भुयारी रेल्वेने पुन्हा क्वीन्स. जॅक्सन हाइट्सला उतरून आपल्या दुकानांतून भाजी आणि मसाले घेतले, मग त्याच मार्गाने पुढे फॉरेस्ट हिल्स. पीटर पार्कर आपल्या मे काकूंजवळ वाढला तो इथे. विटांची घरे, लाल कौले, शांत गल्ल्या. पोरक्या पुतण्याला काकू पोटच्या पोरासारखी वाढवते, हे समजायला आम्हाला इंग्रजीची गरज कधी पडलीच नव्हती.

त्या गल्लीतल्या बाकावर बसून मुलीने भेट दिलेले पुनर्मुद्रण पुन्हा वाचले. लहानपणी आम्हाला मारामारीच तेवढी आठवायची. आता कळले, मारामारी थोड्याच पानांत आटपते. लेक्स लुथर कपटाने दोघांत भांडण लावतो. सुपरमॅनच्या वेशात तो लोइस आणि मेरी जेनला पळवतो, स्पायडरमॅनला लाल सूर्याच्या किरणांचे तात्पुरते बळ देतो. ते बळ सरते तेव्हा सुपरमॅनवर बुक्के मारून स्पायडरमॅनचेच हात दुखू लागतात. मग दोघे थांबतात, बोलतात आणि हात मिळवतात. पुढे सगळ्या पृथ्वीवरच संकट येते, तेव्हा लुथरचा साथीदार डॉक्टर ऑक्टोपससुद्धा त्याच्यावर उलटतो. स्वतःचे घरही त्याच पृथ्वीवर आहे, एवढे त्याला उमगते.

दोन कंपन्यांनी पुढेही अधूनमधून असे अंक काढले. २००३-०४च्या मोठ्या संयुक्त मालिकेनंतर नव्या कथा दोन दशके थांबल्या; २०२५ साली बॅटमन आणि डेडपूलच्या निमित्ताने त्या पुन्हा सुरू झाल्या. स्पर्धा संपली नाही, पण हात पुढे करता येतो.

फॉरेस्ट हिल्सचा फोटो मी मित्राला पाठवला. तो आता हुबळीला असतो. त्याने कानडीत लिहिले, "अंक माझ्याकडे आहे. आता आठवडा तुझा." परत आल्यावर हुबळीला जाऊन तो आणला. पाने पिवळी पडलीत, मागचे मुखपृष्ठ गळाले आहे. तुमच्याही माळ्यावर एखाद्या ट्रंकेत असे काही असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी त्याचा दुसरा मालक कुठे आहे, ते जरूर विचारा.