मतदार यादीत नसलेली माणसं

पालघर, मंगळवार

ती. अण्णांस,


विरारला गाडी बदलून डहाणू लोकलने दुपारी इथे उतरलो. निघताना तुम्ही म्हणालात, ‘पालघरच्या पोटनिवडणुकीत परप्रांतीयांवरून एवढं रान पेटलं होतं, तिथे नक्की काय आहे ते बघून ये.’ म्हणून स्टेशनाबाहेर चहा घेतला तोच मुळी त्या निवडणुकीचा विषय काढून. चहावाल्या दादांना सगळं पाठ होतं.

तुमच्यासाठी थोडी उजळणी. खासदार चिंतामण वनगा 30 जानेवारी 2018 रोजी वारले. भाजपचा जुना, साधा माणूस. त्यांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेत गेले आणि तिकडून उभे राहिले. भाजपने काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणलं. बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव, काँग्रेसचे दामोदर शिंगडा आणि मार्क्सवाद्यांचे किरण गहला हेही रिंगणात होते. राज्यात सरकार एकत्र चालवणारे भाजप आणि शिवसेना इथे एकमेकांचे गळे धरत होते. 23 मे रोजी उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ विरारला सभेला आले. वसई-नालासोपारा-विरार पट्ट्यात उत्तर भारतीय मतदार मोठ्या संख्येने आहेत, म्हणून ते आले हे उघड होतं. शिवाजी महाराजांच्या प्रतिमेला हार घालताना त्यांनी पादत्राणं काढली नाहीत, यावरून शिवसेनेचे उद्धव ठाकरे कडाडले आणि शेवटच्या आठवड्यात इथला माणूस विरुद्ध बाहेरचा माणूस हेच कानावर पडत राहिलं. 28 मे रोजी मतदान झालं, 31 तारखेला निकाल लागला. गावितांना 2,72,782, वनगांना 2,43,210 आणि जाधवांना 2,22,838 मतं. गावित मूळचे नंदुरबारचे, तेव्हा बाहेरचा हा शिक्का त्यांच्यावरही बसला होता. मतदारांनी त्याची फारशी पर्वा केलेली दिसत नाही.

संध्याकाळी हुतात्मा स्तंभापाशी गेलो. 14 ऑगस्ट 1942 रोजी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण पडले. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, सुकुर मोरे, रामप्रसाद तिवारी. शेवटच्या आडनावापाशी मी थांबलो. अण्णा, दर वर्षी 14 ऑगस्टला हे गाव या पाचांना एकत्रच वंदन करतं. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला आधी इथे उभं करायला हवं, असं मला मनापासून वाटलं.


बोईसर, गुरुवार

ती. अण्णा,

बोईसर म्हणजे तारापूर एमआयडीसीचं गाव. रसायनं, औषधं, पोलाद, कापड यांचे कारखाने. सकाळची पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर भोजपुरी, उडिया, बंगाली, मराठी सगळं एकदम कानावर येतं. अवधनगरच्या बाजूला एका चाळीत गेलो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण. तिघे दिवसपाळीचे, तिघे रात्रपाळीचे, अंथरूण तेच. त्यांतला गाझीपूरकडचा एक मुलगा डाईंगमध्ये काम करतो. बारा तासांची पाळी, पगार ठेकेदाराच्या हातून, कंपनीच्या हजेरीपटावर नाव नाही. मी विचारलं, 2018 ला मत कुणाला दिलं होतं? तो म्हणाला, ‘हमारा वोट तो गाँव में है, चाचा.’ त्या वेळी खोलीत असलेल्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

माझ्या डोक्यात इथे उजेड पडला. ज्यांच्या नावाने सभा गाजल्या त्यांच्यातले दोन प्रकार कुणी वेगळे केलेच नाहीत. नालासोपाऱ्यात पंधरा-वीस वर्षं राहिलेला, रेशनकार्ड काढलेला, मतदार यादीत नाव असलेला उत्तर भारतीय वेगळा. त्याच्यासाठी दुसऱ्या राज्याचा मुख्यमंत्री सभा घ्यायला येतो. बोईसरच्या चाळीतला हा मुलगा वेगळा. याला इथे मत नाही. मत नसलेल्यावर टीका करायला काहीच खर्च येत नाही, आणि त्याची बाजू घेऊन काही मिळतही नाही.

पण इथल्या लोकांचं दुखणं खोटं आहे असं समजू नका. तारापूर अणुकेंद्राचे पहिले दोन संच 1969 ला सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. जमीन गेली, माणसं समुद्रापासून तोडली गेली. तिथल्या एका काकांनी मला सरळ विचारलं, ‘आमची जागा घेतली, मग कामावर आमचा पोरगा का नको?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्न बरोबर आहे. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या द्याव्यात हे सरकारी धोरण फार जुनं, शिवसेनेच्या पहिल्या वर्षांपासून गाजतंय. ते मोडतं कुठे? मला इथे जे सांगितलं गेलं ते असं: कायम कामगार मोजके, त्यांची टक्केवारी कागदावर दाखवता येते. खरं काम ठेकेदारीत, आणि ठेकेदाराला गाव-घर जवळ नसलेला माणूस हवा असतो. जवळच्याला आजारपणात घर असतं, भांडायला चार माणसं असतात. लांबच्याला फक्त खोलीचं भाडं असतं. काकांच्या मुलाची नोकरी गाझीपूरच्या मुलाने घेतली नाही. दोघांनाही कायम न करण्यात ज्याचा फायदा आहे त्याने ती घेतली. प्रचाराच्या एकाही गाजलेल्या भाषणात तो माणूस नव्हता.

जानेवारी 2020 मध्ये याच एमआयडीसीत एका कारखान्यात स्फोट झाला, आठ जीव गेले. इथली माणसं त्या संध्याकाळचा आवाज अजून सांगतात. गेलेल्यांपैकी कुणाचं गाव कुठलं होतं हे मात्र मला कुणी ऐकवलं नाही.


चिंचणी-तारापूर, शनिवार

ती. अण्णा,

आज समुद्राच्या बाजूने आलो. कोळीवाड्यातल्या मावशी मासळी कमी झाल्याचं, कारखान्यांच्या सांडपाण्याचं बोलत होत्या. मांगेला समाजाने त्यासाठी हरित लवादाकडे दाद मागितली, तो लढा वर्षानुवर्षं चालला आहे.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते मात्र बाहेर जाणाऱ्यांबद्दल. याच मतदारसंघातल्या डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात, वेरावळ, पोरबंदर, ओखा. त्यांतले काही पाकिस्तानच्या हद्दीत पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात, एखाद्याचं प्रेतच परत येतं. जव्हार-मोखाड्याची कुटुंबं भातकापणी उरकली की पोराबाळांसह वीटभट्टीवर निघतात, भिवंडी, वसई, कल्याणकडे. आधी उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत हात अडकलेले. आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्यांचं तुम्ही पाहिलंय, तेच इथे मातीत.

आता 28 मे ही तारीख पाहा. पाऊस यायच्या आधीचे शेवटचे दिवस, भट्ट्या चालू. गुजरातच्या बोटींचा हंगामही संपत आलेला, मासेमारीबंदी 1 जूनपासून. म्हणजे मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव, पाचही प्रमुख उमेदवार आदिवासी, आणि मतदानाच्या दिवशी कितीतरी आदिवासी मतदार पोटासाठी आपल्या गावाबाहेर. स्थलांतरावर तापलेल्या त्या निवडणुकीत इथून होणाऱ्या स्थलांतराचा गाजावाजा झाला नाही. रोजगार हमीची कामं वेळेवर निघाली, मजुरी वेळेत मिळाली, तर किती घरं थांबतील हा प्रश्न जव्हारच्या सभेत पहिला यायला हवा होता. त्या वेळी मार्क्सवाद्यांच्या गहलांना 71,887 मतं मिळाली. तलासरीकडे जमीन आणि मजुरीवर बोलणारी जुनी चळवळ आहे, 1945 च्या वारली उठावापासूनची. माझ्या मते ती मतं बाहेरचा-आतला या वादाबाहेर राहिली.

गावित पुढे 2019 ला शिवसेनेच्या धनुष्यबाणावर पुन्हा खासदार झाले. 2024 ला भाजपचे हेमंत सवरा आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इथल्याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर उभं राहताना पुन्हा हजारो हात बाहेरून येतील, पुन्हा मच्छीमार विचारतील की आमच्या पोराचं काय. तेव्हा ठेक्याच्या करारात स्थानिकांची संख्या आणि प्रत्येक कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी दोन्ही लिहून घ्यायला हवेत. मागणी एकच हवी, स्थानिकाची आणि परप्रांतीयाची वेगळी नको.

जाता जाता एक घरचं. धाकटे काका गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, दुकानावर जन्मभर कानपूरलाच राहिले आहेत. खानापूर-आटपाडीची आपली कितीतरी घरं अशी देशभर पसरली आहेत. काकांचं नाव अजून विट्याच्या यादीत आहे आणि मतदानाला ते एकदाही येऊ शकलेले नाहीत. इथे गाझीपूरचा मुलगा जसा मताशिवाय आहे तसेच ते तिथे. त्यांना कळवा, नमुना 8 भरून विट्याचं नाव जिथे राहतात तिथे हलवून घ्यावं. आणि तुम्ही गावात असाल तेव्हा भट्टीवर, ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी करून ठेवा. पुढच्या मतदानाच्या वेळी उमेदवार दारात आला की ती त्याच्या हातात द्या आणि विचारा, या लोकांना मतदानापुरतं परत आणायची सोय कोण करणार?

आईस नमस्कार.

तुमचा,
सुधीर