दोन निरोप

हंफ्रे बोगार्ट व इंग्रिड बर्गमन यांचा ‘कॅसाब्लांका’ कितव्यांदा पाहिला, याचा हिशेब मी ठेवीत नाही. धुक्याने भरलेल्या विमानतळावर नायक आपल्या प्रियेला तिच्या पतीसमवेत पाठवून देतो, तेव्हा दर वेळी कंठ दाटून येतो. न्यूयॉर्कला हा बोलपट प्रथम झळकला २६ नोव्हेंबर १९४२ रोजी. त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये निवर्तले. वय बत्तीस वर्षे. मागे चिनी पत्नी व तान्हे मूल. युद्धात जखमी झालेल्यांच्या शुश्रूषेसाठी ते १९३८ साली तिकडे गेले होते. वडिलांच्या मृत्यूची वार्ता पोचली, तरीही ते परतले नाहीत.

१९४६ साली शांतारामबापूंनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. स्वतः कोटणीस झाले, जयश्रीबाई त्यांची पत्नी झाल्या. ही जोडीही मला बोगार्ट-बर्गमनइतकीच प्रिय आहे. परंतु बोगार्टच्या त्यागावर अश्रू ढाळून मी स्वस्थ झोपी जातो. कोटणीसांच्या बाबतीत तसे होत नाही. आमच्या वडगाव रासाईहून दौंड गाठावे, सोलापूरच्या गाडीत बसावे, की त्यांचे जन्मघर दिसते. पडद्यावरचा निरोप तिथे कुणा आईला खरोखरच घ्यावा लागला होता.