कुरकुंभचा तरवड

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें पाटस मागें पडलें, कीं थोड्याच वेळांत कुरकुंभ येतें. आज हें नांव घेतांच लोकांना रसायनांचे कारखाने आठवतात. आम्हांस तेथें नेलें फिरंगाई देवीच्या ओढीनें. रमविलें मात्र माळावरच्या तरवडानें.

नवरात्रांत घटावर ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ चढते, तोच हा. जमीन मुरमाड, पाऊस बेभरंवशाचा; तरी हें झुडूप वर्षानुवर्षें टिकून फुलतें. याची साल पूर्वापार कातडीं कमावण्याच्या कामीं येई.

पण खरी मौज फुलापाशीं थांबल्यावर कळते. यांत मध नाहीं. पराग आहे, पण तो केसरांच्या कुपींत कोंडलेला. कुपीच्या टोंकास केवळ बारीक छिद्र. मोठा काळा भुंगा येतो, केसर पायांनीं कवटाळतो आणि पंख न फडफडवितां अंग असें थरथरवितो, कीं छिद्रांतून पराग पिठासारखा उडतो. त्या वेळचा गुणगुणाटही निराळा, चढ्या सुराचा. मधमाशी एवढी उद्योगी, पण ही विद्या तिला नाहीं. ती सांडलेलेंच वेंचते! आंखूड केसरांतील पराग भुंग्याच्या भोजनास. लांब केसरांतील त्याच्या अंगास चिकटून दुसऱ्या फुलाकडे जातो.

माळ मात्र ‘पडीक’ म्हणून नांगरला जातो, त्याचे प्लॉट पडतात. शेजारच्या बारामती तालुक्यांत सुप्याजवळ १९९७ सालीं चिंकारांसाठीं मयूरेश्वर अभयारण्य झालें, म्हणून तेवढा माळ राखला गेला. बाकीच्या तरवडाला आपलें परसूच आसरा देऊं शकेल.

लागवड अवघड नाहीं. चपट्या शेंगा वाळल्यावर बीं काढावें. कवच टणक असतें, म्हणून कढत पाण्यांत टाकून रात्रभर भिजूं द्यावें व मृगाच्या पावसावर कायमच्या जागींच पेरावें. सोटमूळ खोल जात असल्यानें वाढलेलें झुडूप उपटून लावल्यास सहसा जगत नाहीं. भरपूर ऊन हवें. पाणी तुंबूं देऊं नये. माळेसाठीं फुलें खुडावींत, फांद्या ओरबाडूं नयेत. शेंगा धरल्या तरच पुढचें बीं.

आणि भुंग्यास हुसकावूं नये. परसांत एखादा वाळका ओंडका राहूं द्यावा. असल्या लांकडांत तो घर कोरतो. मुलें भितील, त्यांस सांगावें, नराला नांगी नसतेच, आणि मादीही डिवचल्यावांचून सहसा डंख करीत नाहीं.